सावरीचा दोरा

बाटली उभी राहीना. अक्षयाने ती काउंटरवर दोनदा उभी केली, दोनदा ती कलंडली, आणि तिसऱ्या खेपेला अक्षयाला हसू आलं. लघवीच्या तपासणीसाठी लॅब देते तीच ही लाल झाकणाची पारदर्शक बाटली, पण एका बाजूने गालफड बसल्यासारखी आत गेलेली, बूड फुगलेलं, तोंड लांबट. त्या तोंडावर झाकण कसंबसं टेकवून वरून पिशवी घातलेली आणि पिशवीला रबर. "ह्या काय केलास?" अक्षयाने विचारलं. काउंटरपलीकडे पंचविशीतली बाई उभी होती, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, पाचवा महिना झाकण्याच्या पलीकडे गेलेला. ती म्हणाली, "उकळलंय. दोन फेरा. आता कोण काय बोलूचां नाय."

आत काचेच्या पार्टिशनमागे नम्रताने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. एकोणीस वर्षांत ती माणसं बाटलीवरून ओळखायला शिकली होती. काळ्या पिशवीत, त्या पिशवीवर वर्तमानपत्र, असा चोरीचा माल आणल्यासारखा नमुना आणणारे; काठोकाठ भरून आणणारे, म्हणजे लॅबवाल्यांना कमी पडायला नको; बाजारातून येतायेता बांगड्यांच्या पिशवीतच ठेवून आणणारे; आणि एक निवृत्त मास्तर, जे बाटलीवर तारीख, वार आणि वेळ सुवाच्य अक्षरात घालून खाली रेघ मारत. प्रत्येकाचा स्वभाव बाटलीत थोडा सांडलेला असतो असं तिचं मत होतं आणि ते ती कुणाला सांगत नसे. पण बाटली उकळून आणणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. ती उठून बाहेर आली. अक्षयाचं हसू तिथेच थांबलं, कारण नम्रताबाय खुर्चीवरून उठून काउंटरला येते ती फक्त वीज गेली तर.

"ही उकळायची नसते," नम्रता म्हणाली. ऑफिसात ती पुस्तकी मराठी बोले; पांढऱ्या कोटाबरोबर ती भाषाही खुंटीला टांगलेली असे. "ही आधीच निर्जंतुक केलेली असते. गरम पाण्यात हिचा आकार जातो."

"तां माका काय म्हायत, बाय. मागच्या खेपेक तुमीच लिवलात मां, बाटली घाण होती म्हणान."

"मी?"

"तुमी म्हणजे लॅबवाल्यांनी. आमच्या बाबांची तपासणी. एप्रिलात." बाईने पोटावरची ओढणी सारखी केली. "बाटली मीच न्हेलेली. तेव्हापास्ना अम्मी माझ्या हातचां पाणी पियत नाय." हे तिने कुडाळची एसटी किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगितलं. अर्जावर नाव होतं वजीरा खालिद. बाजारपेठेतल्या दोरवाल्या कमरुद्दीनची सून. नम्रताने नवी बाटली तिच्या हातात दिली. बोटाला बोट लागलं; तिच्या बोटांची टोकं दिवसभर पाण्यात असणाऱ्या बाईसारखी पांढरी, सुरकुतलेली होती. थोड्या वेळाने वजीरा नमुना देऊन निघाली, पायरीवरून मागे वळली आणि विचारलं, "ही साफ आसा मां?" नम्रता म्हणाली, आहे. मग, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, "रिपोर्ट संध्याकाळी मी घरी आणून देते." अक्षयाने तिच्याकडे, तळ्यातल्या माशाने उडी मारून बाकावर येऊन बसावं, तसं पाहिलं.

ती कलंडलेली बाटली टाकून द्यायची होती. नम्रताने ती आत नेली, धुतली आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली, आडवी. मागच्या खिडकीतून सावर दिसत होती. जानेवारीत सावरीला पान नसतं. काटेरी खोड आणि कळ्यांच्या काळ्या गाठी. एप्रिल संपत आला की तिची बोंडं फुटतात आणि आठ-दहा दिवस लॅबमध्ये कापूसच कापूस. जाळी बसवली तरी तो येतो, चहात येतो, अक्षयाच्या केसांत येतो, काचपट्टीवर येतो. दरवर्षी त्या दिवसांत नमुन्यात तंतू दिसले की नम्रता नोंदवहीच्या समासात बारीक अक्षरात एकच शब्द लिही: सावर. आणि शेजारी चित्र काढी. कॉलेजातल्या बाईंनी लावलेली सवय. दिसेल ते काढायचं, कळेल ते नंतर. गेल्या एप्रिलातला शेवटचा शनिवार होता. पाऊण वाजला होता. कमरुद्दीनच्या नमुन्याचा थेंब तिने भिंगाखाली धरला आणि तिथे दोरे होते. बारीक, लांब, एकमेकांत गुंतलेले, मधेच वळण घेतलेले. रंग देऊन मोठ्या भिंगाखाली पाहायला हवं होतं. जांभळ्या रंगाची बाटली संपली होती; नवी गाळून घ्यायची म्हणजे पंधरा मिनिटं. तिने नोंदवहीत चित्र काढलं, चित्राशेजारी लिहिलं 'सावर', आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं. रिपोर्टवर इंग्रजीत लिहिलं: तंतू दिसतात, नमुना दूषित, पुन्हा पाठवा. आणि डबा उघडला. शनिवारचा उपास, साबुदाण्याची खिचडी. भूक लागली होती.

गेले सहा आठवडे ती या भुकेच्या पाठीमागे काही मोठं कारण आहे का ते शोधत होती. त्या दिवशी डोकं दुखत होतं का? नव्हतं. लॅबच्या मालकांशी, भाईंशी, काही बोलाचाली झाली होती? नाही. दोरवाल्यावर राग? तसा तो लोकांत टिंगल करायचा, "बाय, तू काचेतून बघतस तां मी बोटान सांगतंय" म्हणायचा, पण ती टिंगल तिला आवडायची. एका माणसाच्या मरणाला साबुदाण्याची खिचडी पुरत नाही, काहीतरी वजनदार हवं, असं वाटून ती त्या शनिवारचे खिसे पुन्हापुन्हा उलटे करी आणि प्रत्येक वेळी तेवढंच निघे: पंधरा मिनिटं आणि भूक. पुढचं सगळं आपोआप झालं होतं, कुणीही मुद्दाम काही न करता. दुपारी कमरुद्दीनच्या मुलाने, खालिदने, फोन करून विचारलं की त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय. अक्षया तेव्हा स्कूटीवर बसत होती. तिने सांगितलं, म्हणजे काय तां बाटली-बिटली साफ नसतली. खालिदने घरात सांगितलं, बाटली साफ नव्हती. घरात विचारलं गेलं, बाटली कोणी धरली. तीन तोंडांतून जाताजाता 'दूषित' या शब्दाला हातपाय फुटले आणि तो जाऊन वजीराच्या अंगणात बसला. रविवार गेला. सोमवारी सुट्टी. नवा नमुना मंगळवारी यायचा होता, पण सोमवारी पहाटेच कमरुद्दीनला दात वाजेपर्यंत थंडी भरली आणि त्याला गोव्याला नेलं. जंतू रक्तात गेला होता. नवव्या दिवशी तो परत आला तो ॲम्ब्युलन्समधून, आणि बाजारपेठेतल्या दुकानांनी अर्धी शटरं ओढली. नम्रताही गेली होती, बायकांत बसून आली होती. तेव्हा तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. हे वाक्य ती मनात नेहमी 'खरोखरच' या शब्दासकट म्हणे, आणि त्या शब्दापाशीच अडखळे.

कळलं ते डिसेंबरात. कुडाळला लॅबवाल्यांसाठी प्रशिक्षण होतं. चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र. पुण्याहून सिद्धेश नावाचा एक तरुण संशोधक आला होता, मूळचा इकडचाच, पण व्यासपीठावर चढताना त्याने आपलं मालवणी बुटांबरोबर खाली काढून ठेवलेलं. विषय जिवाणूंचे आकार. मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल काढले. नम्रता मात्र ऐकत राहिली, कारण एकोणीस वर्षं ती हे आकार ओळखत आली होती आणि ते तसे का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दांडीसारखे, मण्यांसारखे गोल, स्वल्पविरामासारखे वाकडे, मळसूत्रासारखे. आकार हौसेचा नसतो, सिद्धेश म्हणाला. जागा, भूक आणि शत्रू यांनी मिळून तो लाखो वर्षांत ठरवलेला असतो. आत सगळा चिखलच. बाहेरची भिंत त्याला धरून ठेवते. भिंत काढली तर दांडीसुद्धा गोळा होऊन बसते. आणि गोल जे आहेत त्यांचे पूर्वज बहुतेक दांडीचेच असावेत असं आता मानतात. लांबीत वाढायचं यंत्र कुठेतरी हरवलं आणि ते गोल झाले, एकदाच नव्हे, वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या काळी. नम्रताला हे पटलं. तिने लगेच मनातल्या मनात माणसं लावून पाहिली. भाई गोल, एकटे कधी नाहीत, कायम घोळक्यात. अक्षया स्वल्पविराम, कुठेच थांबत नाही, सगळीकडे वळते. स्वतःला तिने दांडीत घातलं, सरळ, ताठ, आणि तिला जरा बरंही वाटलं. तेवढ्यात पडद्यावर पुढचं चित्र आलं.

ते तिचं चित्र होतं. नोंदवहीच्या समासातलं, फक्त भिंतीएवढं झालेलं. तेच लांब बारीक दोरे, तीच वळणं, एक दुसऱ्याला विळखा घालून. हॉलमधल्या पंख्याचा आवाज अचानक फार जवळून येऊ लागला. सिद्धेश सांगत होता: दांडी लांबीत वाढते, पुरेशी वाढली की मधोमध आडवी भिंत घालते आणि एकाचे दोन होतात. काही औषधं अशी आहेत की थोडी, अर्धवट घेतली तर त्या मधल्या भिंतीचं बांधकाम तेवढं अडवतात. जंतू मरत नाही. वाढतच राहतो. आतला सगळा संसार दुप्पट होतो, चौपट होतो, पण वेगळं होणं काही जमत नाही; नुसता लांब, लांब, दोऱ्यासारखा. शरीरातल्या पांढऱ्या पेशींनाही एवढा लांब घास गिळता येत नाही. आणि औषध उतरलं की हाच दोरा एका वेळी ठिकठिकाणी तुटतो. एकाचे आठ, एकाचे दहा. सगळे जिवंत. चहाच्या वेळी नम्रता मुद्दाम त्याच्यापाशी गेली आणि विचारलं, हे कापसाच्या तंतूसारखं नाही का वाटत? चहाच्या कपाबरोबर सिद्धेशचं मालवणी परत आलं होतं. "पयल्या नजरेक वाटता," तो हसून म्हणाला, "पण तुमच्यासारख्यांक नाय फसवूचां. सावरीचो तंतू केवढो जाड, आणि मधी पोकळ." त्याने 'सावर' हा शब्द स्वतःहून काढला होता. ती म्हणाली, हो ना. आणि बिस्कीट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तिने भाईंना सांगितलं. भाई रीतसर पॅथॉलॉजीचे डॉक्टर, पण गावात त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नाही. गावाने त्यांना भाई करून टाकलं ते कायमचं. भाईंनी नोंदवही डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, चष्मा काढून पुसला. "दोरे दिसतत असा लिवलंस मां?"

"लिहिलं."

"मग दोरे होते. रिपोर्ट बरोबर आसा. कसले ते वायच चुकला."

"भाई, माणूस गेला."

"माणूस सत्तर वर्षांचो होतो गो. डायबेटीस होतो. शनिवारीच कळला असता तर वाचलो असतो, असा तुका कोण लिवन दितलो? मी तरी दिऊचंय नाय." हे खरं होतं आणि म्हणूनच निरुपयोगी होतं. भाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली, जरा मऊ आवाजात म्हणाले, "जुने कागद उकरू नको. तुझी नजर म्हणजे ह्या लॅबची पाटी. ती तूच उतरवतलंस?" आणि नम्रताला, तिला स्वतःची लाज वाटेल इतकं, हायसं वाटलं. त्यानंतरचे सहा आठवडे ती व्यवस्थित जगली. किल्ल्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत लॅबला आली, गेली. मासळी आणली. नमुने पाहिले, प्रत्येक नमुना रंग देऊन, मोठ्या भिंगाखाली, गरज नसली तरी. अक्षया म्हणायची, बाय, एवढा कोणासाठी? नम्रता त्या दोऱ्यासारखी वाढत होती, थांबली नव्हती. आत सगळं दुप्पट होत होतं, चौपट होत होतं. फक्त त्याच्यामध्ये कुठे भिंत घालता येत नव्हती, इथवर मी आणि इथून पुढे ते, अशी. आणि तोवर तिचा समज असा होता की हे जे काय आहे ते तिचं एकटीचं आहे. एका मेलेल्या माणसाचं आणि तिचं. मेलेलं माणूस थांबू शकतं. त्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत बाई बाटल्या उकळत बसली आहे हे आज सकाळपर्यंत तिच्या हिशेबातच नव्हतं.

वजीराचा नमुना तिने सगळ्यात शेवटी घेतला. फिरवून तळाचा थेंब काढला, साधा पाहिला, रंग देऊन पाहिला, काचपट्टी इंच इंच सरकवत. काही नव्हतं. स्वच्छ, मोकळं, पहाटेच्या वाळूसारखं. इतक्या निकराने काही नसणं तिने कधी शोधलं नव्हतं. पाहतापाहता तिला कमरुद्दीनचं दुकान आठवलं: नायलॉनचे निळे-हिरवे वळे, काथ्याचे गुंडाळे, सुतळी, जाळ्यांची शिसं, आणि या सगळ्याचा मिळून एक कोरडा, खारट वास. पाच-सहा वर्षांपूर्वी उशीसाठी सावरीचा कापूस घ्यायला ती तिथे गेली होती. तिने सहज विचारलं होतं, हा एवढा मऊ कापूस, याचा धागा का काढत नाहीत? कमरुद्दीनने चिमूटभर कापूस घेऊन तिच्यासमोर अंगठा आणि तर्जनीत वळला होता. बोटं उघडली की तो सुटायचा. पुन्हा वळला, पुन्हा सुटला. "बघ बाय," तो म्हणाला होता, "सावरीक पीळ बसत नाय. गुळगुळीत जात. एकमेकांक धरूकच मागत नाय. तेची उशी जाता, दोर जायत नाय." गिऱ्हाईक हसलं होतं, तीही हसली होती. म्हणजे तिला माहीत होतं. तिच्या चित्रातले दोरे एकमेकांना विळखा घालून होते, आणि सावर विळखा घालत नाही हे तिला ज्या माणसाने हातात वळून दाखवलं होतं, त्याच माणसाचा तो नमुना होता. प्रश्नचिन्ह तिने पुसलं तेव्हा नेमकं हेच पुसलं होतं. 'खरोखरच' हा शब्द आज तिच्या हातून सुटला.

पाच वाजता तिने कोट खुंटीला लावला, नोंदवही कापडी पिशवीत घातली, आणि जरा विचार करून ती वाकडी बाटलीही घातली. भाई आत फोनवर होते. बाजारपेठेतून चालताना ती वाक्यं जुळवत होती आणि ती सगळी पुस्तकी मराठीत येत होती: निरीक्षणात त्रुटी राहून गेली, गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे. छान वाक्यं होती. त्यांत कुणी माणूसच नव्हतं. त्रुटी आपली आपण राहत होती, गैरसमज आपला आपण होत होता. दुकानात खालिद दोन खलाशांना दोर मोजून देत होता, दोन्ही हात पसरले की एक वाव, असा. त्याने मानेनेच आत जायला सांगितलं. दुकानामागेच घर. पडवीत आरिफा, कमरुद्दीनची बायको, जमिनीवर पाय पसरून सुतळीचे गुंडे वळत बसली होती, पांढरी ओढणी, आणि एवढ्या थोड्या महिन्यांत अंगाने अशी गोल झालेली की नम्रताला सिद्धेशचं भिंत काढलेल्या दांडीचं वाक्य आठवलं आणि आठवल्याबद्दल स्वतःचा राग आला. आतल्या खिडकीच्या फळीवर ओळीने पालथ्या घातलेल्या बाटल्या होत्या. जामच्या, लोणच्याच्या, औषधाच्या. लखलखीत.

"येवा बाय," आरिफा म्हणाली. "वजीरा, खुर्ची दी. काय गो, काय निघाला?"

"काही नाही. रिपोर्ट साफ आहे."

"तां साफ येतलाच. मीच सांगलंय तिका, बाटली उकळून न्हे. एकदा घोळ घातल्यान, पुरे."

वजीरा खुर्ची ठेवून आत गेली होती. मोरीवर पेला विसळल्याचा आवाज आला. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग तिने मडक्यातलं पाणी भरून नम्रतासमोर धरलं. नम्रताने पेला घेतला. जुळवून आणलेलं पहिलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच सुकलं.

"तेव्हाय बाटली साफ होती," ती म्हणाली. घरचीच बोली आली, आणि त्या बोलीत लपायला जागा नव्हती. "चुकलंय मी. बाटलीत काय नव्हता. तेंच्या लघवीत दोरे दिसले, ते जंतू होते. लांब झालेले जंतू. मी सावर म्हणान लिवलंय. परत बघूक होया होता. बघूक नाय."

आरिफाच्या हातातला गुंडा वळायचा थांबला. "पण ती फोनवरची तर..."

"तिना माझा लिवलेला वाचल्यान."

नम्रताने वही उघडून खुर्चीच्या कडेला धरली, समास दाखवला. का ते तिलाही सांगता आलं नसतं; पुरावा द्यायला आलेल्या माणसाला तो घेणारं कुणी हवं असतं एवढंच. पुढे झाली ती वजीरा. तिने हात ओढणीला पुसले, खाली वाकली आणि एक ओलसर बोट त्या चित्रावर ठेवून दोऱ्याच्या वळणावरून फिरवलं, गावातल्या गल्ल्या ओळखीच्या असाव्यात तसं. "हेका पीळ आसा," ती म्हणाली.

"होय."

"सावरीक पीळ खंय बसता? बाबा रोज सांगत." तिने नम्रताकडे पाहिलं. रागाने नाही, एखादं साधं गणित कुणी उगाच अवघड केलं तर आपण पाहतो तसं. "माका दाखवलां असतास तर मी सांगलां असतंय."

बाहेर खालिद मोठ्याने वाव मोजत होता, सात, आठ, नऊ. नम्रताला वाटलं होतं की सांगून झालं की आत काहीतरी मोकळं होईल, निदान रिकामं. तसं काही होत नव्हतं. आरिफा म्हणाली, "लांब कशान झाले?"

हा प्रश्न तिने जुळवून आणलेल्या वाक्यांत नव्हता. "औषधान," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला दिसलं की आपण कुठे चाललो आहोत, पण आता थांबता येत नव्हतं. "अर्धवट औषध पोटात गेला तर जंतू मरत नाय, लांब होता. तेंका कोणी काय दिलां असतला, मेडिकलमधना, दोन-तीन गोळ्यो..."

"अर्जावर तर औषध काय नाय म्हणान लिवलेला," वजीरा म्हणाली. "अम्मींनीच सांगलेल्यानी."

आरिफा सुतळीकडे पाहत होती. "तां औषध खंय," ती हळू म्हणाली. "माझ्या दाताच्यो गोळ्यो उरलेल्यो. तीन. टाकूच्यो कित्याक म्हणान. ताप उतरलोय वायच तेंचो." गुंडा तिच्या मांडीवरून घरंगळला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागे एक लांब ओळ उलगडून ठेवून थांबला. कुणी उचलला नाही. नम्रता पेला हातात धरून बसली होती, आणि आपण इथे एक गोष्ट ठेवायला आलो होतो ती आता तीन ठिकाणी पडली आहे, तिन्ही ठिकाणी जिवंत, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती काहीतरी म्हणायला गेली, त्या गोळ्यांमुळेच असं नाही, कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे भाईंचंच वाक्य. ते तिने गिळलं.

मग आरिफा म्हणाली, "वजीरा, वायच पाणी दी."

वजीरा भिंतीला टेकून उभी होती, एक हात पोटावर. तिने खिडकीतल्या बाटल्यांच्या ओळीकडे पाहिलं, मग सासूकडे. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "मडकां थयच आसा, अम्मी. घेवा."

आरिफा जमिनीवर हात टेकून उठली. तिला उठायला वेळ लागला आणि कुणी हात दिला नाही. फळीवरचा पेला तिने काढला, मोरीकडे गेली. नळ सुटला, बंद झाला. पुन्हा सुटला. नम्रताने आपल्या हातातलं पाणी तेव्हा प्यायलं, सगळं, एका दमात. आत नळ तिसऱ्यांदा सुटला. पेला साफ होता. तिघींनाही माहीत होतं.